आरशातली पाठ

बाबांनी आयुष्यात एकच मोठी भूमिका केली, आणि त्या भूमिकेत त्यांनी कधी कुणाला पाठ दाखवली नाही.

सिनेमा एका जुन्या व्यापाऱ्याच्या आयुष्यावर होता. माणूस फार मागच्या काळातला. अत्तराचा धंदा, स्वतःची जहाजं, आणि पैसा किती आहे हे जगाला दिसलंच पाहिजे असा स्वभाव. त्याला सगळे अत्तरशेठ म्हणत. त्याची बग्गी निघाली की पुढे नोकर रस्त्यावर अत्तर शिंपडत जायचे. हातमोजे एकदा घातले की फेकून द्यायचा. घरात भिंतभर घड्याळं होती आणि शेठ जागा झाला की नोकर धावत जाऊन सगळ्या घड्याळांत सहा वाजवायचे. ऊन डोक्यावर आलेलं असलं तरी सहाच. पाहुण्यांनी आपापली घड्याळं त्यावर लावून घ्यायची.

आणि हा शेठ कुठूनही निघाला, मेजवानीतून, पेढीतून, अगदी बायकोच्या खोलीतून, तरी समोरच्याकडे तोंड ठेवून, हात पसरून, हसत हसत मागे चालत दारातून बाहेर पडायचा. "ज्याला आपण पाठ दाखवली, तो आपला राहत नाही," असं एक वाक्य त्याच्या तोंडी होतं. लोकांना ते इतकं आवडलं की गावातली तरुण पोरं चहाच्या दुकानातून तशीच उलटी बाहेर पडायची आणि पायरीवर धडपडायची. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी तर ही शेठची खरीखुरी सवय म्हणून वर्गात सांगितली. मी तोंडात रुमाल कोंबून बसले होते. मला खरं कारण ठाऊक होतं. शेठच्या झग्यांना पाठच नव्हती.

आई त्याच स्टुडिओत शिवणखात्यात होती. शेठ सिनेमाभर झगे बदलत राहणार, प्रत्येक झगा किनखापाचा हवा, आणि मालक तर कापडाचं नाव काढलं की छातीवर हात ठेवायचे. मग आईनं सुचवलं की पुढचा भाग किनखापाचा करू, मागचा मांजरपाटाचा. मागे नाड्या बांधू. कॅमेरा समोर असतो, पाठ बघतंय कोण? मालकांनी तिथल्या तिथे मान डोलावली. डायरेक्टरनं थोडा विचार केला आणि शेठला उलटं चालायला लावलं. स्टुडिओतले लोक बाबांना चिडवायचे, "पुढून शेठ, मागून पेशंट!" दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी घालतात ना तसा तो झगा मागून दिसायचा. बाबाही हसायचे. तेव्हा हसायचे.

आता साबणाचं सांगते, कारण पुढचं सगळं साबणावरच आहे. सेटवर आरसा असला की दिव्यांची तिरीप त्यातून उलटी कॅमेऱ्यात शिरते, शिवाय नको ते सगळं त्यात दिसतं. म्हणून शूटिंगच्या आधी आरशावर कोरडा साबण घासून त्याला धूसर करायचे. आरसा आंधळा करणं म्हणत त्याला. हे काम आईकडे आलं, कारण कापडावर खुणा करायला साबणाची झिजलेली वडी तिच्या कमरेला कायम खोचलेली असायची. सुई, कात्री आणि साबण. आईला मिठी मारली की काहीतरी टोचायचं आणि काहीतरी छान वास यायचा.

सिनेमातला शेवटून दुसरा प्रसंग बाबांचा खरा प्रसंग होता. शेठची सगळी जहाजं बुडाली आहेत. ही बातमी त्याला मेजवानीच्या ऐन वेळी कळते. पाहुणे उठायला लागतात. शेठ मोठ्या आरशासमोर उभा राहून त्यांना म्हणतो, "मंडळी, माझी जहाजं बुडाली. जेवण मात्र गरम आहे. बसा." मग त्याचं मोठं भाषण, आणि शेवटी नेहमीसारखं हात पसरून मागे मागे जाणं. बाबा ते भाषण घरी भिंतीसमोर म्हणायचे. मी अभ्यास करता करता ऐकायचे. मला वाटतं, बाबा खरे नट होते ते एवढ्याच भाषणापुरते. पण तेवढ्यापुरते फार मोठे होते.

पहिल्या खेळाला आम्ही सगळे गेलो होतो. मी दहा-अकरा वर्षांची, धाकटा भाऊ आईच्या मांडीवर, शेजारी आत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्याचकडे असायची, लग्न केलं नाही. बाबा पुढच्या रांगेत मालकांशेजारी. मला मागून त्यांची मान दिसत होती, नव्या कॉलरीतली.

तो प्रसंग आला. बाबा आरशासमोर उभे राहिले. "मंडळी, माझी जहाजं बुडाली." सगळं थिएटर गप्प. आणि त्यांच्या मागच्या आरशात, लख्ख, कुणीतरी नुकता धुऊन ठेवल्यासारखा आरसा, त्यात बाबांची पाठ. मळकं मांजरपाट, आडव्यातिडव्या नाड्यांच्या गाठी, मधल्या फटीतून बनियन, आणि खाली घरचा पायजमा, ज्याला आईनं मागे ठिगळ लावलं होतं. ते ठिगळ मला ओळखीचं होतं. माझ्या जुन्या फ्रॉकचं होतं, फुलाफुलांचं.

आधी मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक बाई. मग सगळं थिएटर. "जेवण मात्र गरम आहे" हे वाक्य तर ऐकूच आलं नाही. पडद्यावर बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि लोक पोट धरून हसत होते. आत्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते. आई पडद्याकडे बघत नव्हती, हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. ती बाबांच्या मानेकडे बघत होती. ती मान हलली नाही.

शूटिंग झाल्यावर स्टुडिओत छोट्या पडद्यावर पाहिलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांची नजर बाबांच्या तोंडावर. मोठ्या पडद्यावर आरसाच भिंतीएवढा झाला. दुसऱ्या दिवशी मालकांनी तो प्रसंग कापून टाकला. सिनेमा चालला, चांगला चालला. पण आता त्यात शेठ मेजवान्या झोडतो, अत्तर शिंपडतो आणि एकदम मरतो. मधलं, माणूस व्हायचं राहून गेलं. बाबांना लोक हौशी, चकचकीत, शोभेचा नट म्हणून ओळखू लागले. तशाच दोनचार भूमिका आल्या. मग त्याही थांबल्या.

आणि आईला कामावरून काढलं. त्या प्रसंगात एवढं एकच काम होतं तिच्याकडे, आरशाला साबण लावायचं, आणि तेच राहिलं. मालक स्वतः घरी सांगायला आले होते. आई खाली बघून "हो" म्हणाली. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. घरात ते बहुतेक वेळ असेच उभे असायचे, आमच्याकडे पाठ करून. सिनेमात नव्हे, घरात.

त्यानंतर आमच्या घरात साबण हा शब्द साधा राहिला नाही. आई भांडी घासायला बसली की आत्या म्हणायची, "लाव हो वहिनी, भरपूर लाव. आता काय, लागेल तेवढा वेळ आहे." मोरीतून कुणी साबण मागितला की, "तुझ्या आईला विचार, तिच्या लक्षात असला तर." पाहुणे आले की किस्सा ठरलेला. आम्ही मुलं हसायचो, कारण आत्या नक्कल फार छान करायची. आईसुद्धा कोपऱ्यात बसून थोडं हसायची. ती घरी शिवणकाम करायला लागली होती. पोरांचे शाळेचे सदरे, बायकांचे परकर. कुठलाही कपडा तयार झाला की आधी उलटा करायची, पाठीची शिवण बोटानं तपासायची. "मावशी, आतलं कोण बघतंय?" असं गिऱ्हाईक म्हणालं की ती म्हणायची, "कोण कधी बघेल, सांगता येत नाही बाई."

बाबा गेले, मग बऱ्याच वर्षांनी आई गेली. आत्या मात्र आहे. नव्वदी कधीच ओलांडली. धाकट्याकडे असते, ऐकू फार कमी येतं, त्यामुळे मोठ्यानं बोलते. धाकट्याच्या दिवाणखान्यात बाबांचा अत्तरशेठच्या वेशातला मोठा फोटो आहे, पिसाचा टोप घातलेला. अर्थातच समोरून.

गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. जुने सिनेमे साफसूफ करून जपून ठेवण्याचं तिचं काम. म्हणाली, "आजी, तुमच्या वडिलांचा सिनेमा आम्ही दुरुस्त करतोय. स्टुडिओच्या पडक्या गोदामात डबे सापडले. एका डब्यात कापलेला प्रसंग आहे. येता का बघायला?"

मी आणि धाकटा गेलो. लहानशी थंडगार खोली, दोन मोठे पडदे, टेबलावर तिचा अर्धा खाल्लेला डबा. मुलगी नातीच्या वयाची. तिनं आधी तो प्रसंग लावला.

काय सांगू. बाबा तसेच होते, जसे भिंतीसमोर असायचे. तो आवाज. धाकटा तर लहान होता, त्याला काहीच आठवत नव्हतं. तो पुढे सरकून बघत होता आणि त्याचं नाक लाल झालं होतं. मग त्याला आरसा दिसला. तो मागे टेकला.

"आईनं खरंच घात केला," तो म्हणाला.

मुलगी चुळबुळली. म्हणाली, "काका, याच्या आधीचा थोडा तुकडा आहे. कॅमेरा चालतोय का बघायला मध्येच थोडी फिल्म फिरवतात, तसा असावा. आवाज नाही. दाखवू?"

तिनं लावला.

रिकामा सेट. मोठा आरसा, पांढुरका, आंधळा. म्हणजे साबण लावलेला. बाबा येतात, शेठच्या झग्यात, टोप हातात. टोप डोक्यावर ठेवतात, आरशात बघतात, काही दिसत नाही. इकडेतिकडे बघतात. मग बाहीनं, किनखापाच्या त्या महागड्या बाहीनं, आरसा पुसायला लागतात. गोल गोल, मन लावून. लहान मूल खिडकीवरची वाफ पुसतं तसं. आधी तोंडापुरतं, मग खांद्यापर्यंत, मग सगळाच. टोप थोडा तिरका करतात. हनुवटी वर. स्वतःकडे बघून हसतात.

मग डावीकडून आई येते.

मी तिला किती वर्षांनी चालताना पाहिलं. बारीक, भरभर, कमरेत कात्री. तिला आरसा दिसतो. ती कमरेची वडी काढते, पुढे होते. बाबा हात आडवा धरतात. काहीतरी बोलतात. आवाज नाही, पण मला ऐकू आलं, "थांब ना जरा, बघू दे." आई थांबते. हातात साबण तसाच. ती आरशाकडे बघत नाही, बाबांकडे बघते. मी त्या दोघांच्या घरात लहानाची मोठी झाले, पण आईला बाबांकडे असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवते, लोक धावत आपापल्या जागी जायला लागतात, आई क्षणभर घुटमळते, वडी पुन्हा कमरेला खोचते आणि बाजूला होते. तुकडा संपला.

मुलीनं विचारलं, "त्या कोण, आजी? कपडेपटातल्या?"

"माझी आई," मी म्हणाले. आणि मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी उगाचच पर्समध्ये चष्म्याचं घर शोधायला लागले. चष्मा डोळ्यावरच होता.

धाकट्यानं रुमालानं नाक पुसलं. मग त्यानं मुलीला विचारलं, "हा आरसा आता काही करून... म्हणजे धूसर करता येतो का? तुमच्या कंप्युटरवर?"

"येतो ना," मुलगी म्हणाली. "सोपं आहे. पाठ दिसणारच नाही. तुम्ही दोघं म्हणाल तसं करू. मूळ आहे तसं ठेवायचं की साबण लावायचा."

"साबण लावा," धाकटा म्हणाला.

"मला विचार करू दे," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर तो रस्त्यातच माझ्यावर उखडला. "विचार कसला, ताई? बाबांचा एवढा मोठा प्रसंग इतक्या वर्षांनी लोकांसमोर येतोय. लोकांनी पुन्हा हसायचं त्यांना? ठिगळ दाखवायचं जगाला?"

"आणि आई?"

"आईचं कुठे कोण नाव घेतंय?"

"तू घेतलंस. आत्ता, आतमध्ये."

त्यानं रिक्षाला हात केला. रिक्षा आली. आम्ही दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत घरी आलो.

मी त्याच्याच घरी उतरले, आत्याला भेटायला. आत्या पलंगावर बसून शेंगा सोलत होती. तिला मी कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. प्रसंग सापडला. तिनं मान हलवली. आधीचा तुकडा सापडला. तिचे हात थांबले.

"कसला तुकडा?"

"बाबा आरशासमोर उभे आहेत तो."

"पुसताना?" आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. धाकटा दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. तोही तिथेच थिजला.

"तुला ठाऊक होतं?"

"त्यानंच सांगितलं. त्या दिवशीच. थिएटरातून घरी आलो, वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि हा मला म्हणाला, मीच पुसला गं. नंतर पुन्हा साबण लावून घ्यायची आठवण राहिली नाही. म्हणाला, मालकांना कळलं तर पुन्हा उभं करायचे नाहीत मला. कुणाला बोलू नकोस."

"आणि तू आईला बोलत राहिलीस? इतकी वर्षं?"

आत्यानं एक शेंग उचलली, सोलली नाही, पुन्हा ठेवली. "सुरुवातीला बोलले, कारण नाही बोलले असते तर त्याला वाटलं असतं, मी वहिनीला सांगितलं. तो ऐकत असायचा ना, खोलीतून. मग सवय लागली. लोक हसायचे. तुम्हीही हसायचात."

"आईला माहीत होतं की बाबांनी तुला सांगितलंय?"

"एकदा मी जरा जास्तच बोलले होते, पाहुण्यांपुढे. नंतर भांडी विसळताना वहिनी म्हणाली, पुरे आता, तो झोपलाय, ऐकत नाहीये." आत्यानं मांडीवरची टरफलं झटकली. "एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले."

खोलीत पंखा फिरत होता आणि शेंगांची टरफलं थोडी थोडी सरकत होती. मला वाटलं होतं मला राग येईल. राग आला नाही. लाजच वाटत राहिली. कुणाची ते मला नीट सांगता येणार नाही. बाबांची, आत्याची, त्या घरभर पसरलेल्या हसण्याची. मीही त्यात होते. आणि आईचीसुद्धा थोडी वाटली, की तिनं एवढं का सोसावं.

"पडद्यावर दाखवणार आहेत का वहिनीनं शिवलेली पाठ?" आत्यानं विचारलं.

"ते आपण ठरवायचं."

"मी त्या दिवशी डोळे मिटले होते," ती म्हणाली. "मी बघितलीच नाही."

मी तिथूनच मुलीला फोन केला. "साबण लावू नकोस," म्हटलं. "आहे तसा दाखव. आणि तो आधीचा छोटा तुकडा कुणाला दाखवू नकोस, तो मला दे." त्या तुकड्यातलं आईचं बघणं बाबांसाठी होतं. तिकीट काढून आलेल्या माणसांसाठी नव्हतं. धाकटा माझ्याकडे न बघता आत गेला. दिवाणखान्यातल्या फोटोसमोर बराच वेळ उभा होता, असं नंतर भावजय म्हणाली.

खेळाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. आत्याला चाकांच्या खुर्चीतून नेलं, मग तिला हाताला धरून आमच्या रांगेत बसवलं. अंगावर शाल, मांडीवर माझा हात. धाकटा पलीकडे बसला, मध्ये एक जागा सोडून. सिनेमाच्या आधी एक जाणकार गृहस्थ बोलायला उभे राहिले. चांगलं बोलत होते. बाबांचं कौतुक केलं, उलट्या चालण्याचं कौतुक केलं. मग म्हणाले, "आज आपण एक असा प्रसंग बघणार आहोत जो एका साबणाच्या वडीमुळे कापला गेला. शिवणखात्यातल्या एका बाईंनी विसराळूपणा केला नसता, तर या नटाचं आयुष्य वेगळं झालं असतं." हा किस्सा बाबांच्या एका जुन्या मुलाखतीत आहे. लोक हसले. छान हसले, वाईट मनानं नाही.

मी उठून बोलायला हवं होतं. मी बसूनच राहिले. धाकट्यानं मान खाली घातली होती. आत्याला काही ऐकू आलं नव्हतं. ती मला मोठ्यानं विचारत होती, "काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?" मी काय सांगणार? सांगायलाच हवं होतं, म्हणून अखेर तिच्या कानात सांगितलं. ती शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

सिनेमा सुरू झाला. अत्तर शिंपडलं गेलं, हातमोजे फेकले गेले, घड्याळांत सहा वाजले. शेठ उलटा चालत निघाला की लोक टाळ्या वाजवत होते. मग तो प्रसंग आला. "मंडळी, माझी जहाजं बुडाली."

आरसा पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसत होता. मुलीनं काम फार चांगलं केलं होतं. प्रत्येक गाठ दिसत होती. माझ्या फ्रॉकची फुलंसुद्धा मोजता आली असती. आणि लोक हसले. मला आशा होती की आताचे लोक हसणार नाहीत, समजून घेतील. पण ते हसले, अगदी तसेच, आधी एक, मग सगळे. माझे कान तापले. मी खुर्चीत खाली खाली सरकले. या वयात माणूस किती लहान होऊ शकतो!

तेवढ्यात माझ्या हाताखालची मांडी हलली. आत्या उठत होती. पुढच्या खुर्चीला धरून, कापत, ती उभी राहिली. बहिऱ्या माणसाच्या आवाजात, जो तिला स्वतःला ऐकू येत नाही, ती ओरडली,

"आरसा त्यानं पुसला! माझ्या भावानं पुसला! वहिनीनं साबण लावला होता!"

क्षणभर सगळे चमकले. मग पुन्हा हसले, आधीपेक्षा जास्त. कुणीतरी मागून म्हणालं, "आजी, खाली बसा हो!" कुणीतरी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीची आहे. जाणकार गृहस्थ दारापाशी उभे राहून बघत होते. मी शालीचं टोक धरलं, तिला खाली ओढायला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"विसरली नव्हती ती!" आत्या म्हणाली. "मला ठाऊक होतं! मी बोलत राहिले!"

मी शाल ओढली नाही. नुसती धरून ठेवली. मधली रिकामी जागा ओलांडून धाकटा आला आणि आत्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला, तिचा तोल जाऊ नये म्हणून. पडद्याकडे त्याचं तोंड होतं. त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडत होता आणि तो ओला होता.

पडद्यावर बाबांचं भाषण संपत आलं होतं. हसण्यात त्यातलं अर्धं विरलं. त्यांनी हात पसरले आणि नेहमीसारखं, आमच्याकडे तोंड ठेवून, मागे चालायला सुरुवात केली. ते आमच्यापासून दूर जात होते, लहान होत होते. पण आरशात त्यांची पाठ पुढे येत होती. एकेक पाऊल मोठी होत होती. मांजरपाट, नाड्या, आणि शिवणीचा एकेक टाका, सरळ, सारख्या अंतराचा.

"बघ," आत्या मला म्हणाली. ती अजून उभीच होती. "किती नीट शिवलंय."